ओझोनच्या भोकाचा लेख

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी हजरतगंजच्या एका बँकेत होते आणि लखनौच्या आमच्या मराठी मंडळाच्या अंकात विज्ञानावर लिहायचे. कुणी जरा कौतुक केलं की मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर. एकदा पृथ्वी का तापतेय यावर लिहिलं. दोन इंग्रजी लेख एकाच रविवारी चाळले होते, त्यांची डोक्यात खिचडी झाली. माणसाने ओझोनच्या थराला भोक पाडलं, त्यातून जास्त ऊन आत येतं आणि म्हणून पृथ्वी तापते, असं मी ठोकून दिलं. तपासलं नाही. मंडळात मला जाब विचारणारं होतं कोण?

लेक आठवीत, हिंदी शाळेत. तिला मराठी वाचता यावं म्हणून मी माझेच लेख द्यायचे. बोट ठेवून, अडखळत वाचायची बिचारी. हा लेख तिला एवढा आवडला की अलीगंजच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने त्याचाच तक्ता केला. वर फाटकी छत्री, खाली घामाघूम पृथ्वी.

परीक्षक कॉलेजातले प्राध्यापक होते. शांतपणे म्हणाले, "बेटा, ओज़ोन का छेद अलग बात है. धरती तो कोयले और पेट्रोल के धुएँ से गरम हो रही है. उसकी गैस गर्मी को बाहर नहीं जाने देती."

"नहीं सर, छपा हुआ है," ती ठामपणे म्हणाली. "मेरी आई ने लिखा है."

मी चार पावलांवर उभी होते. चूक माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी शेजारच्या टेबलावरचा मातीचा ज्वालामुखी बघत राहिले.

परतताना स्कूटरवर मागून तिने विचारलं, "आई, आपने गलत लिखा था क्या?"

"नाही गं. तूच नीट वाचलं नसशील."

ती म्हणाली, "हाँ, मेरी मराठी कच्ची है ना."

त्या रात्री आणि पुढे कितीतरी दिवस मला स्वतःची लाज वाटत होती, तरी तिच्याशी बोलायचं धाडस झालं नाही. पुढच्या अंकात मात्र चूक कबूल केली. मंडळात माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक झालं, तेव्हा तर मान वर करवेना. तो अंक मी लेकीच्या पुढ्यात ठेवला, कबुलीचं पान उघडून.

तिने तो माझ्याकडे सरकवला. "आप ही पढ़ लो, आई. मुझसे गलत हो जाता है."