अंबूबाईचा धोंडा

अंबूबाईनं उभा जन्म डोक्यावर ओझं वाहण्यात काढला. मेढ्याच्या वर डोंगरात तिचं घर. नवरा लवकर गेला. तेव्हापासून नाचणी, सरपण, करवंदं, जे हाताला लागेल ते पाटीत भरायचं, डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवायची, तिच्यावर पाटी, आणि तीन कोस उतरून मेढ्याचा बाजार गाठायचा. म्हणून मुलगा जोतीराम साताऱ्याच्या कचेरीत शिपाई झाला, तेव्हा आधी आईला घेऊन आला. "आये, आता तुज्या डोक्यावर काय बी ठिवायचं न्हाई," तो म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला. ही त्रेचाळीस सालची गोष्ट.

किल्ल्याच्या पायथ्याला त्यांची खोली होती. दारात नळ, गल्लीत पिठाची गिरण, रेशनचं धान्य जोतीराम स्वतः आणायचा. अंबूबाईनं फक्त बसायचं. आता बसायचं म्हणजे किती बसायचं, हो? पहिला महिना बरा गेला. दुसऱ्यात झोप उडाली. तिसऱ्यात हातातली वाटी सुटून पडायला लागली आणि काही कारण नसताना डोळ्याला पदर जायला लागला. वैद्यानं नाडी बघून काढा दिला, शेजारणींनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. "माजी मान हलकी झालीया," एवढंच अंबूबाई सांगायची. मान हलकी होण्याचा आजार कुणी ऐकला नव्हता, त्यामुळे ते कुणी मनावर घेतलं नाही.

सून अंजना तेव्हा सात महिन्यांची पोटुशी. पहिलटकरीण, आणि तिला आई नव्हती. बाळंतपण सासूनं करायचं असं ठरलेलं. एका रविवारी दुपारी अंबूबाईच्या कानावर सुनेचं बोलणं पडलं. अंजना नवऱ्याला सांगत होती, "आत्यांच्या हातात वाटी ऱ्हाईना, पोर कसं द्यायचं? मला कराडला मावशीकडं धाडा." जोतीरामनं मावशीला पत्र टाकायचं कबूल केलं.

अंबूबाईला राग आला नाही. सून खोटं बोलत असती तर ती भांडली असती, पण हे खरं होतं आणि म्हणून फार लागलं. ज्या नातवंडाची ती वाट बघत होती ते तिच्या हातात द्यायची भीती वाटावी, अशी तिची गत झाली होती. रात्रभर तिनं विचार केला. सकाळी उठून रिकामी पाटी घेतली, परड्यातला पाच शेर वजनाचा धोंडा तिच्यात घातला, चुंबळ सारखी केली आणि किल्ल्याची वाट धरली.

पहिल्या दिवशी तीनदा बसावं लागलं. छाती भात्यासारखी चालली होती. पण खाली आल्यावर तिनं दोन भाकरी खाल्ल्या आणि दुपारी जी झोपली ती दिवे लागेपर्यंत. मग रोजचंच झालं. आठवड्यानं धोंडा बदलला, मोठा घेतला.

गल्लीला फुकटची करमणूक. बाई धोंडा घेऊन वर जाते आणि तोच धोंडा घेऊन खाली येते! पेन्शनीतले सुभेदार त्याच वाटेनं काठी फिरवत रोज चढायचे, त्यांना कुणी वेडं म्हटलं नाही. अंबूबाईला मात्र सगळ्यांनी म्हटलं. शेवटी कचेरीत हेडक्लार्कनं विचारलं, "काय जोतीराम, आईला खडी वाहायला लावलंस होय?" सगळे हसले. जोतीराम तणतणत घरी आला आणि धोंडा उचलून गटारात टाकला.

"माजी अब्रू घालवलीस तू," तो म्हणाला. "उद्यापास्नं ह्ये बंद."

"बंद न्हाई हुयाचं," अंबूबाई शांतपणे म्हणाली. "दिवस भरत आलं की अंजनाच सांगंल, हितं ऱ्हायाचं का कराडला जायाचं. तवर मी चढणार. धोंडं लय हायेत साताऱ्यात."

दुसऱ्या दिवशी तिनं दुसरा धोंडा घेतला. जोतीराम पंधरा दिवस आईशी बोलला नाही. अंजना मात्र बघत होती. वाटी पडायची थांबली होती. पाणी घालणाऱ्या गवळ्याला सासूनं असं झापलं की तो दुसऱ्या दिवसापासून दाट दूध घालू लागला. सासू भाकरी थापताना गुणगुणते, हे तर अंजनानं पहिल्यांदाच ऐकलं. कराडला जायच्या आदल्या दिवशी तिनं भरलेल्या ट्रंकेतली लुगडी बाहेर काढली. "आत्या, मी हितंच ऱ्हाते," ती म्हणाली. अंबूबाईनं मान डोलावली आणि चुलीतला जाळ पुढं सारला.

कळा सकाळी सुरू झाल्या. मनुबाई सुईण आली. पोर अडलं होतं. उकिडवी बसलेली अंजना सासूच्या गळ्यात दोन्ही हात टाकून लोंबकळत होती, सगळा भार त्या एका मानेवर. दुपार झाली, ऊन कललं. जोतीराम नुसता दाराशी उभा होता.

"अंबूबाई, सोडा आता," मनुबाई म्हणाली. "शेजारीण धरंल. मान मोडंल तुमची."

"तुमी तुमचं बगा," अंबूबाई म्हणाली. "लय दिसानं मानंजोगतं वजन मिळालंय."

दिवेलागणीला मुलगी झाली. मनुबाईनं तिला पुसून कापडात गुंडाळलं आणि ती बाळंतिणीकडं वळली. अंजनाच्यात बोलायचं त्राण नव्हतं, तरी ती बोलली. "आदी आत्यांच्या हातात द्या."

अंबूबाईनं हात पुढं केले. ते जराही हलले नाहीत.

बारशानंतरच्या सकाळी पाटी दाराशी तयार होती. तिच्यात तोच धोंडा होता, जोतीरामनं गटारात टाकलेला, घासूनपुसून धुतलेला. शेजारी जोतीराम कचेरीचे जोडे घालून उभा. "मी बी येतो, आये," तो म्हणाला. अर्ध्या वाटेत धाप लागून तो खाली बसला. अंबूबाई थांबली नाही.

"बस तू," ती चढता चढता म्हणाली. "उतरताना घिऊन जाते तुला."