संध्याकाळी आवळलेला नट

पैलवानबाईंना स्वस्थ बसणं माहीतच नव्हतं. त्या गॅरेज चालवायच्या, ट्रकचं चाक एकट्यानं उतरवायच्या, म्हणून गिऱ्हाइकांनीच त्यांचं हे नाव ठेवलेलं. पण गेली दोन वर्षं बाईंचा जीव टांगणीला लागला होता. त्यांच्या वडिलांचा हात चाळिशीत खांद्याच्या वर जाईनासा झाला. थोरल्या भावाला तर छत्तिसाव्या वर्षीच भांग पाडता येईना. डॉक्टर म्हणाले, "हे रक्तातून येतं. तुमच्या घरात पुरुषांना लवकर गाठतं, बायकांना उशिरा, एखादीला कधीच नाही. तपासून घ्या." पुढेही ते काहीतरी बोलले, पण बाईंचं लक्ष स्वतःच्या दंडाकडे. तपासणीची चिठ्ठी ड्रॉवरमध्ये गेली ती गेलीच.

आता बाई कसल्या डॉक्टरच्या भरवशावर राहतात! त्यांनी आपली परीक्षा आपणच काढली. कोपऱ्यात एक जुनं चाक बसवलं. संध्याकाळी मुलीनं त्याचा एक नट असेल नसेल तेवढा जोर लावून आवळायचा आणि सकाळी बाईंनी त्याच पान्यानं उघडायचा. मुलगी वीस वर्षांची, गॅरेजातच तयार झालेली, हाताची पक्की.

पहिलं वर्षभर नट उघडताना बाईंना घाम फुटायचा. एखाद्या दिवशी दोनदा जोर लावावा लागला की दिवसभर कशात मन नसायचं. मुठी वळून बघ, उगाच जॅक उचलून बघ. मग या हिवाळ्यापासून नट सुटायला लागला. आधी एका हिसक्यात, मग नुसत्या मनगटानं. बाईंचा जीव भांड्यात पडला. पन्नाशीत जोर वाढतोय म्हणजे काय चेष्टा आहे? मुलगी लांबसडक वेणी कापून आली तेव्हासुद्धा त्या रागावल्या नाहीत. "विंचरायला कंटाळते, आळशी कुठली," एवढंच हसून म्हणाल्या.

आज सकाळी पाना लावण्याआधी त्यांनी सहज नटाला हात लावला. नट बोटांनीच फिरला.

बाई भडकल्या. मुलगी शटर वर ढकलून आत येत होती, अर्ध्यावरच खांदा धरून थांबली.

"काय गं, कामचुकारपणा चाललाय का? काल नट आवळलाच नाहीस?"

"आवळला की."

"खोटं बोलू नकोस."

मुलीनं मान खाली घातली. "दोन्ही हातांनी आवळला, आई. तू इतकी खूश होतीस, मग कसं सांगायचं?"

बाईंना दोन वर्षांपूर्वी न ऐकलेलं डॉक्टरांचं बोलणं आत्ता शब्दन् शब्द आठवलं. तुम्हाला काही झालं नाही, तरी मुलांना होऊ शकतं, कधीकधी तर फार लवकर.

त्यांनी पाना खाली ठेवला. अर्धवट शटर स्वतःच खाली ओढून घेतलं आणि ड्रॉवर उपसून चिठ्ठी शोधायला लागल्या.