मामांचं नाक

विट्यापासून सांगलीपर्यंत आज ज्या काही जिभा स्वच्छ आहेत, त्यांतल्या निम्म्या माझ्या बायकोच्या थोरल्या मामांमुळे स्वच्छ आहेत, आणि उरलेल्या निम्म्या त्यांच्या भीतीमुळे. माणसाला तोंडावर चोर म्हणणारे, लबाड म्हणणारे मी पुष्कळ पाहिले; पण ‘तुमच्या तोंडाला वास येतो’ हे तोंडावर सांगणारा माणूस आयुष्यात एकच पाहिला. त्यातही मामांची रीत होती. चारचौघांत चुकूनही बोलणार नाहीत. खांद्यावर हात टाकून माणसाला बाजूला घेणार, दोन शब्द पाऊसपाण्याचे बोलणार आणि मग हळूच विचारणार, “जीभ घासताय न्हवं रोज?” बाजारात मामांनी कुणाच्या खांद्यावर हात टाकलेला दिसला की आजूबाजूचे चार लोक गुपचूप ओंजळीत फुंकर मारून बघायचे.

माझ्या खांद्यावर तो हात पडला, तेव्हा मी साताऱ्याहून विट्याला मुलगी बघायला आलो होतो. पोहे आले, माझ्या नोकरीची चौकशी झाली आणि मी रंगात येऊन बोलत असताना मामा उठले ते मला थेट परसात घेऊन गेले. मला वाटलं, आता पगार विचारणार. “पावनं, सकाळपास्नं काय खाल्लंय?” मी म्हटलं, काहीच नाही, धास्तीने पाणीसुद्धा घशाखाली उतरलं नव्हतं. “तरीच. तोंड कोरडं पडलंया. कोरड्या तोंडाला वास सुटतो. पोरगी बोलाय आली तर बोलणं ऱ्हाईल बाजूला.” त्यांनी मला खळखळून चुळा भरायला लावल्या, तांब्याभर पाणी पाजलं आणि खिशातून कागदात गुंडाळलेली, जीभ घासायची तांब्याची कोरी जिभली काढून हातात ठेवली. “ठिवा. जमलं तर आहेर, न्हाई जमलं तर आठवण.” जमलं. माझा स्वभाव आवडला म्हणून होकार दिला, असं बायको आजही सांगते. मला खरं कारण ठाऊक आहे.

बडीशेप आणि वेलदोडा हे मामांचे जन्माचे वैरी. “उकिरड्यावर अत्तर शिपडून काय हुतंय? उकिरडा उचला की!” तंबाखू, मिश्री, किडकी दाढ, सुजलेली हिरडी, तोंड उघडं टाकून झोपायची सवय, एकेकाचा गुन्हा ते शोधून काढत आणि घरगुती उपायाने भागलं नाही, तर त्याला एस्टीत बसवून सांगलीला दातांच्या डॉक्टरकडे स्वतः घेऊन जात. लग्नानंतर मीही बदली घेऊन विट्याला, मामांच्याच गावी राहायला आलो. तिथल्या एका सोसायटीच्या चेअरमनसमोर लोक दोन हात अंतर राखून, मान खाली घालून उभे राहायचे. चेअरमनला वाटायचं, काय आपला दरारा! मामांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, “चेअरमन, ह्यो दरारा न्हवं, दाढ हाय.” महिनाभर तो मामांशी बोलला नाही. मग गुपचूप दाढ काढून आला. लोक जवळ येऊन बसू लागले, गप्पा मारू लागले, भीड चेपली आणि पुढच्या निवडणुकीत त्याला आरामात पाडलं. आता तो रोज संध्याकाळी मामांच्याच कट्ट्यावर असतो, आणि माझ्या मते पूर्वीपेक्षा सुखी आहे.

मामांचं जिभेवरचं व्याख्यान सुरू झालं की मामी स्वयंपाकघरात पदराआड हसायच्या. का हसायच्या, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

सगळा तालुका म्हणायचा, नाक असावं तर मामांसारखं. मीही म्हणायचो. पण एकदा ते आमच्या घरी आले असताना बायकोने गॅसवर दूध ठेवलं, “मामा, जरा लक्ष असू द्या,” म्हणाली आणि गच्चीवर कपडे काढायला गेली. मी बाहेरून आलो, तो जिन्यातच करपल्याचा भपकारा. धावत आत गेलो, तर पातेल्याचा कोळसा झालेला आणि गॅसकडे पाठ करून मामा शांतपणे पेपर वाचताहेत. मी गॅस बंद केला. मामांनी पेपरची घडी घातली.

“कुणाला बोलू नगा,” ते म्हणाले. “पस्तीस वर्सं मदुराईत गलाईचं दुकान केलं. सोनं गाळायचं म्हंजी भट्टी आन् ॲसिड. त्या धुरानं नाक कवाच गेलंय. अत्तर आन् गटार, मला दोनी सारखंच.”

“मग लोकांच्या तोंडाचं कळतं कसं तुम्हाला?”

“मी बोलणाऱ्याकडं बघतच न्हाई, जावईबापू. ऐकणाऱ्याकडं बघतो. त्यो मागं सरला, मान फिरवली, की वळखायचं. तुमी पोरगी बघाय आलता तवा तुमच्याच चुलत्यानं पोह्याची बशी उचलून खुर्ची बदलली. झालं!” मग म्हणाले, “माणसं लांब सरत्यात आन् त्या बिचाऱ्याला कळत न्हाई, का सरत्यात. कुणीतरी सांगाय नगं व्हय?”

त्या दिवशी मला मामा जितके आवडले, तितके त्याआधी कधी आवडले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी थंडीत मामी गेल्या. पुढच्या मे महिन्यात मामांचा मुलगा मदुराईहून सुट्टीला आला. त्याची पाच वर्षांची मुलगी म्हणजे मामांच्या गळ्यातला ताईत. मामांनी तिला उचललं, “काय गं बाय माजी,” म्हणाले आणि ती मान फिरवून सुळकन खाली उतरली. दुसऱ्या कुणाच्या हे ध्यानातही आलं नसतं. पण मामांनी जन्मभर दुसरं काय पाहिलं होतं? त्यानंतर ती असेपर्यंत ते तिच्याशी तोंडावर टॉवेल धरून बोलले आणि खाऊसुद्धा हात लांब करून दिला. सुट्टी संपवून ती मदुराईला परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे. “जावईबापू, मी तोंड उघडून ‘हा’ करतो. खरं सांगायचं. भिडंखातर न्हाई.”

जावयाने मामेसासऱ्याच्या तोंडाचा वास घ्यावा, असं कोणत्या शास्त्रात सांगितलंय? पण घेतला. वास येत होता. मी धडधडीत खोटं बोलणार होतो. पण मामा माझं बोलणं ऐकतच नव्हते, माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. “ऱ्हाऊ द्या,” म्हणाले. “कळलं.”

या वेळी एस्टीत मी त्यांना बसवलं. सांगलीच्या डॉक्टरांनी, पूर्वी स्वतःच बसवून दिलेली मामांची कवळी काढून हातात घेतली आणि विचारलं, “ही घासता कधी?”

“घासायची?” मामा बोळक्या तोंडाने म्हणाले. “दात माजं न्हाईतच, तर घासू कशाला? जीभ माजी हाय, ती घासतो.”

डॉक्टर हसले. “मग आधी बारा वर्षं, तुम्ही पेशंट घेऊन यायचात तेव्हा, ती इतकी स्वच्छ कशी असायची?”

झोपताना मामा कवळी काढून वाटीत ठेवत आणि सकाळी ती ताज्या पाण्यात लखलखीत असे. त्यांना वाटायचं, पाण्यानेच होतं ते सगळं. परतताना तासगाव येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, “तीच घासत हुती. बारा वर्सं. एकदाबी बोलून दावलं न्हाई.” मला मामींचं ते पदराआडचं हसू आठवलं.

त्या दिवसापासून मामा कवळी अशी घासतात की मदुराईला सोनंही इतकं जपून हाताळलं नसेल. दिवाळीत नात आली, त्या सकाळी ते आधी माझ्याकडे आले, ‘हा’ केला, मी मान डोलावली. तरी पाय निघेना. धीर यावा म्हणून आमच्या परसातला एक पिकला पेरू तोडून खाल्ला आणि मला बरोबर घेऊनच घरी गेले. नात कट्ट्यावर बसली होती. मामा सवयीने दोन हात लांबच थांबले. तीच धावत आली, गळ्यात पडली, त्यांच्या तोंडाशी नाक नेऊन तिने हुंगलं आणि ओरडली, “आजोबा! मला न देता पेरू खाल्लात!”

चोरी पकडली गेल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी पाहिलेला नाही. तिला तशीच कडेवर घेऊन मामा माझ्याकडे वळले. डोळ्यांत पाणी होतं.

“जावईबापू, पेरूचा वास कसा असतो वो? लय वर्सं झाली, इसरलो.”

मी शब्द शोधू लागलो. नात अजून त्यांच्या मिशांशी नाक लावून हसत होती. मामा तिच्याकडे बघत राहिले.

“ऱ्हाऊ द्या,” म्हणाले. “कळलं.”