रिकामी गाडी खाली जातेच आहे तर…

आल्प्सच्या डोंगरावर आगगाडीशी भाडं ठरवायचा प्रयत्न आमच्या नंदुरबार जिल्ह्यातून आजवर मी एकटीनेच केला असावा. दुसऱ्या कुणी केला असेल तर मला जरूर भेटा, दोघं मिळून रडू.

मुळात दोष माझ्या माहेरचा. माहेर विसरवाडीचं, वडिलांचं चहाचं हॉटेल थेट हायवेच्या नाक्यावर. तिथे वाढलेल्या पोरीला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. ती म्हणजे परतीची रिकामी गाडी स्वस्तात पडते! सुरतेला माल टाकून आलेला ड्रायव्हर घरी जाणारच असतो, तुम्ही बसा नाहीतर बसू नका. त्याला चहा पाजा, 'दादा, दादा' करा, की तो अर्ध्याच्याही अर्ध्यात आणून सोडतो. माझ्या लग्नातलं लोखंडी कपाट सुरतेहून असंच आलं, नवापूरच्या कोंबड्यांच्या रिकाम्या ट्रकमधून. (त्यातल्या साड्यांना दिवाळीपर्यंत खुराड्याचा वास येत होता. पण भाडं काय वाचलं म्हणता!)

नवरा मात्र मला एसटीचा ड्रायव्हर मिळाला. डेपोत सगळे त्यांना आप्पा म्हणायचे, म्हणून मीही आप्पाच म्हणते. आप्पांची सगळी नोकरी अक्कलकुवा-मोलगी रस्त्यावर, देवगोईच्या घाटात गेली. चढ, उतार, चढ, उतार. क्लच दाबून दाबून डावा गुडघा कामातून गेला, तेव्हा कुठे रिटायर झाले. स्वभाव असा की घरात आहेत की बाहेर गेले, हे चपला बघून ठरवावं लागतं. कधी काही मागितलं नाही. जेवणात मीठ नसलं तरी मागत नाहीत.

अशा माणसाने एकदा काहीतरी मागितलं. आमचा प्रशांत नोकरीला स्वित्झर्लंडमध्ये आहे. त्याने फोनवर एका डोंगरी रेल्वेचा व्हिडिओ पाठवला. रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी, गाडीखाली दातेरी चाक, आणि ती गाडी भिंतीवर पाल चढावी तशी सरळ डोंगर चढते. आप्पांनी तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की मोबाईल तापला. मग हळूच म्हणाले, "चढस ते ठीक शे. पन ही उतरस कशी? बिरेक कसा धरत व्हई? हाई एकडाव बसीसन देखनं पडी."

झालं! प्रशांतने तिकिटं पाठवली, आम्ही विमानात बसलो. माझ्या बॅगेत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. (तिथे एका जेवणाच्या पैशात आपल्याकडे घरभरणी होते, असं मी ऐकून होते.)

डोंगरावर जायच्या दिवशी प्रशांतला ऑफिस होतं. त्याने आम्हाला दोघांची अर्ध्या भाड्याची कार्डं काढून दिली आणि पाढे म्हणून घ्यावेत तसं माझ्याकडून म्हणवून घेतलं, "आई, पहाटेची पहिली गाडी पकड, तिला आणखी सवलत असते. आणि रिटर्नच काढ. काय काढशील?"

"रिटर्न," मी म्हटलं. म्हणायला काय जातं?

स्टेशनवर पोचलो आणि खिडकीपुढे उभं राहिल्यावर माझ्यातली विसरवाडी जागी झाली. सकाळी सगळं जग वर जाणार. म्हणजे गाड्या वर भरून जाणार आणि खाली? रिकाम्या येणार! मग परतीचं पूर्ण भाडं आधीच मोजणारा माणूस शहाणा म्हणायचा का? मी बोट वर करून खिडकीतल्या मुलाला सांगितलं, "ओन्ली गोइंग!"

आप्पा मागून म्हणाले, "आनि येवानं?"

"देखसूत. तुमी बठा तं!"

चढताना गाडीत एवढी गर्दी की विचारू नका. आप्पांच्या नाकापुढे एका उंच माणसाची पाठीवरची पिशवी आली. पिशवी कसली, पोतंच! त्याला बांधलेला एक पातेल्यासारखा डबा प्रत्येक वळणावर आप्पांच्या कपाळाशी येऊन थांबायचा. बाहेर कडे होते, धबधबे होते, लोक "आहा, ओहो" करत होते. आमच्या आप्पांनी वरपर्यंत एक डबा पाहिला.

"काही दिसनं का?" मी विचारलं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "उतरताना देखसू. माले बिरेकच देखना शे."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. त्या वेळी मनात जरा चुटपुट लागली होती, खोटं कशाला बोलू? पण तेवढ्यात वरून खाली जाणारी एक गाडी शेजारून गेली, आणि ती खरोखरच रिकामी होती! अख्ख्या डब्यात एक म्हातारी आणि तिचं कुत्रं! माझा आनंद गगनात मावेना.

वर बर्फ होता. तो आम्ही हातात घेतला, त्याच्यासोबत फोटो काढला, आणि तो गार असतो याची खात्री करून घेतली. माझं सगळं लक्ष प्लॅटफॉर्मकडे. परतीची गाडी लागली, आत बाकडी मोकळी, आणि दारात गळ्यात पैशांची पिशवी अडकवलेली कंडक्टर बाई. मी पदर खोचला आणि पुढे झाले.

"गुड मॉर्निंग मॅडम! युअर ट्रेन, एम्प्टी! वी, टू पीपल!" मग मी माहेरचं ठेवणीतलं हसू काढलं. "यू गोइंग एनिवे. समथिंग लेस करो ना, बेन!" (सुरतेच्या गिऱ्हाइकांशी बोलून बोलून भाव करताना माझ्या तोंडात आपोआप गुजराती येतं.)

बाई हसली. मीही हसले. ती आणखी हसली आणि तिने तिकीट-खिडकीकडे हात केला. मी भाकरीचा डबा उघडून पुढे केला. तिने वास घेतला, "थँक यू, नो" म्हणाली आणि परत खिडकीकडेच हात केला. एवढ्या गोड चेहऱ्याने एवढा कडक नकार मी आयुष्यात पाहिला नव्हता. आमच्याकडे ड्रायव्हर आधी ओरडतो आणि मग बसवून घेतो!

खिडकीवर भाव ऐकला आणि बर्फात उभी असूनही मला घाम फुटला. मी प्रशांतला फोन लावला.

"आई! ती पहाटेची सवलत रिटर्नवरच असते! तू नुसतं जायचं काढलंस? म्हणजे तीही गेली! आता गुपचूप खालचं तिकीट काढ!"

"काढते हो," म्हणून मी फोन ठेवला. पण काढणार कशी? त्या बाईसमोर? दारात उभी राहून ती मला बघत होती. माझ्या सात पिढ्यांनी कधी पूर्ण भाडं दिलं नव्हतं. मी पिवळ्या पाटीवरचा चालणाऱ्या माणसाचा बाण पाहिला आणि जाहीर केलं, "चाला, पायी उतरसूत! तब्येतले बी बरं ऱ्हास!"

आप्पांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "चाल," म्हणाले. बस, तेवढंच.

डोंगर उतरणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी नऊवारी, खाली मुलाचे स्पोर्ट शूज आणि डोक्यात माकडटोपी घालून एकदा उतरून बघावं. पहिल्या वळणावर मी दोनदा बसले, दुसऱ्या वळणापासून बसूनच उतरायला लागले. वर चढणारे लोक थांबून माझे फोटो काढत होते. आप्पा डावा पाय आखडता घेत, काठी टेकत माझ्या मागून येत होते. वाट रुळांना लागूनच होती. दर थोड्या वेळाने खडखडाट व्हायचा आणि एक गाडी खाली जायची. ती रिकामीच असायची! आप्पा दर वेळी थांबायचे, टोपी काढायचे आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत मान लांब करून तिच्या चाकांकडे बघत राहायचे. मग टोपी घालून पुढे चालायचे. काही बोलले असते तर मी भांडले तरी असते!

एका कुरणाजवळ आम्ही भाकरी सोडली. तिथे एक गाय आली. गळ्यात आपल्या देवळातली असावी एवढी घंटा. मी कौतुकाने "ये व माय, ये" म्हटलं, आणि तिने फडक्यासकट भाकरी उचलली! मी एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. शेवटी भाकरी तिला गेली आणि तिच्याबरोबर ठेचाही. मग गाईने असा काही हंबरडा फोडला आणि घंटा अशी काही झाडली, की सगळा कळप घंटा वाजवत आमच्याकडे धावला.

"पळा!" मी ओरडले.

आप्पा पळाले, आणि चार पावलांत गुडघ्याने दगा दिला. एका दगडावर बसले ते उठेनात. गाई आल्या, आम्हाला हुंगलं आणि कंटाळून निघून गेल्या. मी गुडघा चोळायला लागले. चांगलाच सुजला होता.

"दुखस का हो?"

"नही."

"मंग असं तोंड का करेल शे?"

त्यांनी खालच्या दरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "इतला वरीस मी घाट चढना-उतरना. लोके खिडकीमातून म्हनेत, काय भारी दिसस! मी कव्हयच देखं नही व. मी रस्ता देखा. मांगे पन्नास-साठ जीव बठेल ऱ्हायेत, डोया कसा हालाडू? माले वाटनं, एकडाव दुसरा कोनी चालाडी, बिरेक त्याना हातमा ऱ्हाई, आनि मी नुसता बठसू."

मला रडूच आलं. मुलं लहान असताना फॅमिली पासावर फुकट मी किती वेळा त्यांच्या गाडीतून गेले असेन! खिडकीशी बसून देवगोईचा घाट डोळे भरून पाहिला, आणि हा माणूस माझ्या पुढच्याच सीटवर बसून कधी मान वळवू शकला नाही, हे मला एवढ्या वर्षांत सुचलं नव्हतं. एकच गोष्ट मागितली त्याने, आणि तीही मी अर्ध्या भाड्यात बसवायला निघाले होते!

मधलं स्टेशन जवळच होतं. त्यांना धरून तिथे नेलं आणि खिडकीवर सांगितलं, "टू पीपल. अप. अँड देन, डाउन. फुल डाउन!"

"येडी व्हयनी का?" आप्पा दचकले. "आठेनच खाले जाऊत ना! परत वर कसाले?"

"अर्धाच उतार देखशात का? चुपचाप बठा!"

वरच्या स्टेशनवर खाली जाणाऱ्या गाडीच्या दारात तीच कंडक्टर बाई. मी दोन्ही तिकिटं अशी तिच्या नाकापुढे धरली, की जणू गाडीच विकत घेतली आहे. तिने माझी माती लागलेली नऊवारी पाहिली, आप्पांचा पाय पाहिला, आणि आम्हाला सगळ्यात पुढच्या बाकावर नेऊन बसवलं. पुढे काच, काचेपलीकडे ड्रायव्हर आणि त्याच्यापुढे तो सगळा उतार.

गाडी सुटली. मी आप्पांकडे बघत होते. आणि आप्पा? ते ड्रायव्हरच्या हाताकडे बघत होते! डावा पाय सुजलेला, तरी तो क्लच शोधत होता. उजवा पाय दर वळणावर फरशी दाबत होता.

"अहो, दरी देखा ना!"

"थांब, वळन येई ऱ्हायनं!"

"ते ड्रायव्हर देखी ली! मी डबल भाडं दिन्हं शे!"

दोन-तीन वळणं अशीच गेली. मग ड्रायव्हरने एका हाताने थर्मासातून चहा ओतून घेतला. आप्पांनी ते पाहिलं आणि त्यांचा पाय फरशीवरून उचलला गेला. ते मागे टेकले. मान खिडकीकडे वळवली आणि खालपर्यंत वळवलेलीच ठेवली. खूप वेळाने माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "आपला देवगोईना घाट बी आसाच दिसस का व?"

"बरफ नही," मी म्हटलं. "बाकी आसाच शे."

संध्याकाळी प्रशांतने विचारलं, "आई, किती वाचले?" मी म्हटलं, "पाय वाचले." मग त्याने स्वतःच तिकिटं तपासली आणि उरलेला आठवडा मला कुठल्याच खिडकीजवळ फिरकू दिलं नाही.

घरी आल्यावर आप्पांचा गुडघा जरा बरा झाला तसं मी त्यांना अक्कलकुव्याहून मोलगीच्या गाडीत बसवलं. खिडकीची जागा त्यांना. कंडक्टर आला, तरुण पोरगा होता. मी पर्स उघडून ऐटीत सांगितलं, "मोलगी, दोन. आणि रिटर्नच दे भाऊ, आधीच सांगते!"

"मावशी, आपलाकडे रिटर्न कोठे भेटस?" तो म्हणाला. मग इकडेतिकडे बघून माझ्या कानाशी वाकला. "आनि रिटर्न कसाले पाहिजे तुमले? मोलगीथीन दुपारले जीपा रिकाम्या येतीस. गोड बोला, अर्धामा लई येतीस!"

आप्पा इतके हसले, इतके हसले, की घाट लागला तरी त्यांचे डोळे पाण्याने भरलेलेच होते. पहिली दोन वळणं त्यांना पुन्हा दिसली नाहीत, आणि तीही माझ्यामुळेच!