दोन छाप्या

मला राग पटकन येतो. तो उतरावा म्हणून मी मासे धरायला बसायचो. नरसीच्या खालच्या अंगाला कयाधू नदीचा एक डोह होता. मी आणि तांड्यावरचा माझा दोस्त तिथं दुपारभर गळ टाकून बसायचो. मासे थोडे, चिलीम जास्त.

चिलीम एकच, पण तिच्या बुडाला गुंडाळायची ओली चिंधी, म्हणजे छापी, ज्याची त्याची. हा नियम माझा. त्याची उष्टी छापी ओठाला लागली तर मी बाटणार होतो म्हणे! तो नुसता हसायचा. “पाटील, धूर तं एकच हाय ना?”

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात आमच्याकडं संस्थान होतं आणि कनेरगावच्या नाक्यापलीकडं स्वतंत्र हिंदुस्थान. गावं पेटत होती. जीव घेऊन पळणाऱ्या बायापोरांना तो आडवाटेनं नाक्यापार पोचवायचा. एक हत्यारबंद टोळी त्याच्या मागावर होती. तरी डोहावर यायचं काही गड्यानं सोडलं नाही.

त्या दुपारी वाटेवर धुरळा दिसला. माझा दोस्त लव्हाळ्यात शिरला. मी त्याची गळाची काठी पाण्यात ढकलली, वहाणा वाळूत पुरल्या आणि चिलीम ओढत बसलो.

चौघं आले. “वो तांडेवाला किधर है?”

“मी एकलाच हाय.”

म्होरक्यानं शेजारच्या दगडाकडं पाहिलं. त्यावर दुसरी छापी पडली होती, अजून ओली. एकट्या माणसाला दोन छाप्या लागत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं.

बंदुकीच्या दस्त्यानं त्यानं माझे पुढचे दात पाडले. दुसऱ्यानं माझी बोटं त्याच दगडावर धरून ठेचली. मी रक्त थुंकत त्यांच्या आया-बहिणी उद्धरल्या, पण लव्हाळ्याकडं पाहिलं नाही. मग मानेवर पाय आला आणि कानाला नळी लागली.

“त्याला काहून मारून राहिले? मी हाय ना!” तो आपणहून बाहेर आला होता.

त्यांनी त्याला दोन गोळ्या घातल्या. तो डोहात पालथा पडला.

त्या चौघांचा राग मला आजही येतो. स्वतःचा त्याहून जास्त येतो. सोवळं माझं, आणि जीव गेला त्याचा.

ते गेल्यावर मी त्याला काठावर ओढलं. तांड्यावरची माणसं येईपर्यंत शेजारी बसून राहिलो. ठेचल्या बोटांनी कशीबशी चिलीम पेटवली, तिला त्याची छापी गुंडाळली आणि फुटक्या ओठांना लावली. तो म्हणायचा तेच खरं होतं.