कुरवंड्याच्या उतारावरचा दुसरा गियर

आधीच सांगते, मी भुताखेतांना मानणारी बाई नाही. डॉक्टरशी संसार करते. कोणाच्या अंगात आलं, की आमच्याकडे आधी थर्मामीटर काढतात. या सदरातले अनुभव मी आजवर हसत वाचले, आणि निम्म्या लेखकांना जुलाबाचं औषध द्यायला हवं असंही मोठ्यानं म्हटलं आहे. तरी आज लिहायला बसले, कारण हे माझ्याच हातापायांच्या बाबतीत घडलं... निदान तेव्हा ते माझे होते असं मी धरून चालले होते.

आम्ही लोणावळ्याचे. गोष्ट लढाईच्या काळातली. डॉक्टरांची एक जुनी मोटार होती आणि ती चालवायला कान्ह्याचे उस्मानभाई. मला मोटार शिकायची आहे म्हटल्यावर बाजारात लोकांना आठवडाभर दुसरा विषय नव्हता. उस्मानभाई मात्र म्हणाले, "वैनी, शिवणयंत्र चालवताय न्हवं? मंग ह्ये बी जमंल."

जमलं. नुसतं जमलं नाही, झकास जमलं. त्या गाडीचा गियर नुसता ओढून पडत नसे. क्लच दाबायचा, दांडा न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा. खालचा गियर हवा असेल तर इंजिनाला जरा रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा, मग गियर. म्हणजे एका गियरला क्लच दोनदा, आणि सगळं इंजिनाचा आवाज ऐकून. चुकलं की कर्रर्र... आणि शेजारी उस्मानभाईंचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं. पण बरोबर पडला, की बरणीचं झाकण आट्यांवर बसावं तसं हाताला कळतं. एकदा खंडाळ्याच्या रस्त्यावर मी दुसऱ्यातून तिसऱ्यात गेले, आणि शेजारी पेपर वाचणाऱ्या नवऱ्याला पत्तासुद्धा लागला नाही. लग्नात झाला नसेल एवढा आनंद मला त्या दिवशी झाला.

मग उस्मानभाईंना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू पार गेली. जीभ जड झाली, म्हणून त्यांनी बोलणंही टाकलं. कान्ह्याला घरी खाटेवर पडून असत. डॉक्टर आठवड्याला जाऊन डाव्या पायाला टाचणी टोचून बघत, पण पाय जागचा हलत नसे. मोटार माझ्याकडे आली, ती अशी.

माघातली दुपार होती. कुरवंड्याहून एक माणूस धापा टाकत दवाखान्यात आला. "डागदर, बायकू अडलीया. कालधरनं." डॉक्टर एका रेल्वेच्या खलाशाचा फाटलेला पाय शिवत होते. मान वर न करता मला म्हणाले, "तू घेऊन ये. उशीर करू नकोस."

मी गेले. त्याच्या बायकोला, यमुनेला, मागच्या सीटवर निजवलं, डोकं तिच्या सासूच्या, सखूमावशींच्या मांडीवर. पोरीच्या ओठांना रंग नव्हता. नवरा मागून चालत येणार होता.

आता कबूल करते. पेट्रोल कुपनावर मिळायचं, त्यामुळे उतार लागला की इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलला सोडून द्यायची, ही त्या वेळी लोणावळ्यातल्या झाडून सगळ्या मोटारवाल्यांची खोड. मीही ती उचलली होती. शिवाय आवाज थांबला तर पोरीला जरा बरं वाटेल, अशी मनाची समजूत घातली. गावाबाहेरच्या उताराला मी इंजिन बंद केलं. गाडी गुपचूप घरंगळू लागली.

निम्म्या उतारावर ब्रेकवरचा पाय पार खाली गेला. ब्रेक लागेनाच. पुढे वळण, आणि वळणापलीकडे दरी. घाईघाईनं इंजिन चालू केलं, ते लागलंही. दुसऱ्यात टाकायला गेले... कर्रर्र. पुन्हा टाकला, पुन्हा कर्रर्र. शिकलेलं सगळं डोक्यातून पुसलं गेलं होतं.

"वैनी, काय मोडलं का वं?" मागून सखूमावशी.

"काही नाही," मी म्हटलं. माझ्या शहाणपणापायी एक अडलेली बाई आणि तिचं पोटातलं पोर जाणार, एवढंच मला दिसत होतं.

आणि माझा डावा पाय हलला. मी हलवला नाही. एखाद्या धिप्पाड माणसाचा पाय माझ्या पायावर पडावा, तसा जड होऊन तो क्लचवर गेला. डाव्या हातानं दांडा न्यूट्रलला आणला. क्लच सुटला. माझा उजवा पाय ब्रेकवरून उठून अ‍ॅक्सिलरेटरवर गेला. उतारावर, शुद्धीत असताना, मी हे कधीच केलं नसतं. पुन्हा क्लच, आणि हात सरळ मागे... दुसरा पडला. टकसुद्धा नाही. तसा गियर माझ्या हातून आधी पडला नव्हता, नंतरही नाही. इंजिनानं गाडी धरली, वळण निघालं. डावा पाय दवाखान्याच्या दारापर्यंत बधिर होता.

यमुनेला दिवेलागणीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. ब्रेक बिघडलेत एवढंच मी घरी सांगितलं. इंजिन बंद केल्याचं चकार शब्दानं बोलले नाही, नाहीतर माझं मोटार चालवणं त्याच दिवशी संपलं असतं.

दोन दिवसांनी उस्मानभाईंचं औषध द्यायला मी एकटीच रेल्वेनं कान्ह्याला गेले. त्यांची बायको अमीनाबी दारातच म्हणाली, "वैनी, परवा दुपारी यांचा पाय हलला वं. डावा. दोनदा असा दाबला, खाट करकरली. मंग हात मागं वढला. तवापासनं पुन्हा न्हाई."

डॉक्टरांना नंतर विचारलं. म्हणाले, अशा रोग्यांना झटके येतात. येत असतील. एवढ्यावर मीही गप्प बसले असते.

पण मी खाटेजवळ बसले, तेव्हा उस्मानभाईंनी मान वळवली. किती महिन्यांनी ते बोलले. जीभ अडखळत होती, पण राग स्पष्ट कळत होता. "मागं अडलेली बाई... अन् इंजिन बंद करता व्हय, वैनी?"

अडलेल्या बाईची बातमी कान्ह्यापर्यंत गेली असेल, मान्य. पण इंजिनाचं कोण सांगणार? सखूमावशी तर मोटारीत पहिल्यांदाच बसल्या होत्या. मला रडू आलं. मी म्हटलं, "चुकले, उस्मानभाई." ते पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत, आणि पावसाळ्याआधी गेले.

खूप डोकं चालवलं, मला काही उलगडलेलं नाही. तुम्हाला उलगडलं तर कळवा, पण पिशाच्च वगैरे म्हणू नका, ते आमचे उस्मानभाई होते. इंजिनाची गोष्ट डॉक्टरांना आज हा अंक वाचूनच कळेल. त्यांनी हवं ते बोलावं. मोटारीची किल्ली मी देणार नाही.