आईला हॉस्टेलात झोप लागली तर...

हॉस्टेलात उतरणारी माणसं काही ना काही विसरून जातात. चार्जर, टॉवेल, एकाच पायातला मोजा. चार्जरसाठी निदान फोन तरी येतो. किस्से मात्र कुणीच परत न्यायला येत नाही, मग ते साठतात माझ्याकडं!

मी प्रज्ञा. स्टेशनजवळच्या एका स्वस्तातल्या हॉस्टेलात दिवसभर काउंटर सांभाळते आणि रात्री शहागंजला मावशीकडं झोपायला जाते. वरच्या मजल्यावर बायकांची डॉर्म आहे, म्हणजे एकाच खोलीत ओळीनं बेड. वेरूळ-अजिंठा बघायला एकट्या आलेल्या बाया तिथं उतरतात. माझं गाव पाचोड. तिथं ‘हॉस्टेल’ म्हणलं की एकतर पोरांचं वसतिगृह, नायतर भलतंच काहीतरी!

म्हणून आईनं फोनवर निकालच दिला. "शनवारी येते मी. एक रात्र तुज्या त्या हॉस्टेलात झोपून बघते. झोप लागली तर कर नोकरी. नाय लागली तर बॅग भरायची अन् माज्यासंगं यायचं!"

माझी पंचाईत झाली. कारण इथं काय काय घडतं ते मला ठाऊक होतं ना!

*

आपल्याकडं एकटी बाई दिसली की पहिला प्रश्न ठरलेला. सोबत कोण? जेवलीस का, दमलीस का, हे सगळं नंतर. मीसुद्धा नवीन असताना प्रत्येकीला हेच विचारायचे.

एकदा पाठीवर सॅक घेतलेली एक पुण्याची ताई आली. मी विचारलं, "सोबत कोण?"

ती म्हणाली, "तुम्ही."

"आँ?"

"आता तुम्ही आहात ना सोबत? मग द्या चावी!"

आमचे मालक जफरभाई मागंच उभे होते. ती वर गेल्यावर म्हणाले, "ये सवाल आजसे बंद! मर्दां को पूछती क्या तू कभी?" दुसऱ्या दिवशी त्यांनी जिन्यापाशी पाटीच लावली. ‘सोबत कोण, हे कुणालाही विचारू नये.’ तरी माझ्या जिभेवरनं तो प्रश्न काही जाईना. हाडात मुरलेलं असं पाटीनं जातंय व्हय?

*

एका दुपारी इंदूरची एक मुलगी स्टेशनवरनं रिक्षानं आली. भाडं दिलं, वर गेली. रिक्षावाले चाचा मात्र हलेचनात! समोर रिक्षा लावून आमच्या दाराकडं बघत बसले.

ती खाली आली. चेहरा पांढराफटक. "दीदी, वो गया क्यों नहीं?"

आता मी तरी काय सांगणार! आम्ही दोघी पडद्याआडून बघतोय, चाचा दाराकडं बघतायत. जफरभाई नमाजला गेलेले. मी फोनवर पोलिसांचा नंबर लावून ठेवला, नुसतं बटण दाबायचं बाकी. तेवढ्यात चाचा उतरले आणि सरळ आत!

चाचा तिला म्हणाले, "बेटा, फोन चार्ज हुआ क्या? रिक्षे में अम्मी से बात करते-करते बंद पड़ गया था. पहले उनको बोलो, पहुँच गई. फिर मैं जाता."

तिनं माझ्याच फोनवरनं आईला फोन लावला. चाचा गेले. मला त्यांना साधा चहासुद्धा विचारायचं सुचलं नाही.

*

नागपूरच्या एक शिक्षिका उतरल्या होत्या. सेफ्टी म्हणून त्या सगळ्यांना सांगायच्या, "मिस्टर मागनं येतायत!" रिक्षावाल्याला तेच, कोपऱ्यावरच्या चहावाल्यालाही तेच.

दोन दिवस झाले, मिस्टर काही येईनात. चहावाला बिचारा काळजीत पडला. माझ्याकडं येऊन हळूच म्हणाला, "ताई, त्या मॅडमचे साहेब हरवले वाटतं. कंप्लेंट करायची का?"

हे ऐकून मीही घाबरले. धावत वर गेले. त्या आरामात केस विंचरत होत्या. म्हणाल्या, "अगं, ते कुठंच येत नाहीत, म्हणून तर मी एकटी निघाले!"

*

आणि ते दार! डॉर्मला चांगली भक्कम कडी आहे. तरी झोपताना प्रत्येक बाई दारामागं काहीतरी लावतेच. कुणी बॅग, कुणी खुर्ची, कुणी बादली, वर मग्गा.

एका सकाळी मी आले, तर वर ही किंचाळाकिंचाळी! पोछ्याचा दांडा घेतला आणि चढले. दारावर थाप मारली, तर आतनं आणखी जोरात किंकाळी.

"कोण आहे आत? काय झालं?" मी ओरडले.

आतनं रडका आवाज आला. "बाहेर कुणीतरी दार ढकलत होतं! आणि आमच्यातली एक गायब आहे. तिला त्यानंच धरलं असणार!"

ती गायब झालेली माझ्या मागंच उभी होती. हातात गरम पाण्याची बाटली. म्हणाली, "पाण्याला गेले, तर मागनं कडी लावून घेतलीत! अगं बयांनो, मीच ढकलत होते!"

*

झालं, शनिवार उजाडला. बाबा आईला सोडून संध्याकाळच्या एसटीनं परत गेले. आईनं आयुष्यात एकटीनं पाचोडचा आठवडी बाजारसुद्धा केलेला नाही. नणंद, जाऊ, नायतर बाबा, कुणीतरी असायचंच. तिनं बेड दाबून बघितला, खिडकीचे गज हलवून बघितले, जिन्यापाशी थांबून पाटी अक्षर अक्षर लावून वाचली. डॉर्ममध्ये एक केरळची मुलगी होती आणि दोघी सोलापूरच्या. मी मावशीकडं गेले खरी, पण जेवण जाईना. नोकरी गेली तर पुन्हा पाचोड, आणि मग लग्नाचा विषय!

सकाळी धावत आले. दार ढकललं, हलेना.

आतनं आवाज आला. "कोन हाय?"

"आई, मी!"

"मी कोन? नाव सांग!"

"प्रज्ञा!"

"प्रज्ञाच्या बापाचं नाव काय?"

आत पोरी खिदळत होत्या. मी बाबांचं नाव सांगितलं, मग बॅग सरकली, खुर्ची सरकली, बादली सरकली आणि दार उघडलं. आईचे डोळे लालभडक.

"आई, लागली का झोप?"

"कुठली झोप! रातभर गप्पा. त्या केरळच्या पोरीला मराठी येत नाय अन् मला तिचं कळत नाय, तरी तीच लई बोलत व्हती. डोळ्याला डोळा नाय!"

मी जिन्यावरच बसले. ठरल्याप्रमाणं बॅग भरायची. तेवढ्यात बाबांचा फोन आला. आई मोठ्यानं बोलली, "जयभीम. नाय हो, झोप नाय लागली... व्हय, ठरलंय ना, माज्या ध्यानात हाय. पर एका रात्रीत काय कळतंय? आज परत बघते."

फोन ठेवून तिनं पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि चपला घातल्या.

"कुठं निघालीस?"

"वेरूळला. तुज्या बाबांनी दोनदा नेलं अन् दोन्ही टायमाला पळवत आणलं. आज निवांत बसून बघते."

"अगं, पण ह्या पोरी तर अजिंठ्याला चालल्यात. तुझ्या सोबत कोण?"

आई जिन्यातच थांबली. पाटीकडं बोट करून म्हणाली, "तुज्या मालकानं तितं काय लिव्हलंय? वाच की!"